भुवया बघून नेलेले पिक्चर

"तिला काही विचारू नकोस गं. कॅसेट नुसती तिच्यासमोर धर आणि तिच्या भुवया बघ."

मी तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, स्टुलावर बसून एका कॅसेटची तुटलेली पट्टी चिकटवत होते. बोलत होत्या त्या आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक मालूकाकी. त्यांचा आवाज ओळखायला पडदा बाजूला करावा लागत नाही. त्यांच्याबरोबरचा दुसरा आवाज नवा होता, बहुतेक त्यांच्या शेजारणीचा.

"म्हणजे काय?"

"म्हणजे भुवई वर गेली की पिक्चर रडका. ओठ आत घेतले की पोरांना घेऊन बसायचं नाही. आणि कॅसेट देताना तिने कडेला बोटाने टकटक केलं ना, की डोळे मिटून न्यायचा. बिनचूक आहे बाय. फक्त तिचं तिला ठाऊक नाही. सांगू नकोस हां."

"मग तोंडाने का नाही सांगत?"

"इंग्लिश मीडियम. आपल्याशी काय बोलणार ती."

हातातलं ब्लेड मी खाली ठेवलं आणि स्वतःच्या भुवईला बोट लावून बघितलं. ती वर गेलेली होती.

पारनाक्याजवळच्या त्या व्हिडिओ लायब्ररीत मला कामाला लागून तेव्हा वर्ष उलटलं होतं. आमच्या गिरीज गावाहून रोज सायकलवर यायचे. घरी केळीची वाडी, पानवेली, थोडी भाजी, आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली मी एकटीच. शाळेत मला उत्तरं यायची, पण हात वर होत नसे. घरी आमची बोली वेगळी, शाळेत इंग्रजी, दुकानात मुंबईची मराठी. एखादा पिक्चर बघून मनात जे यायचं ते आधी इंग्रजीत यायचं. ते मराठीत बसवेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं असायचं. म्हणून मी गप्प राहायचे, आणि गप्प राहिलं की आपल्या मनातलं कोणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. त्या दिवशी कळलं की अख्खं गाव ते वाचून घरी नेत होतं.

ज्यांच्या घरी कधी व्हीसीआर आला नाही त्यांच्यासाठी हे काम थोडं समजावून सांगते. लोक दोन प्रकारे यायचे. ज्यांच्याकडे स्वतःचं यंत्र होतं ते, म्हणजे बहुतेक आखातात कोणी असलेले, नुसती कॅसेट नेत. बाकीचे लग्न, बारसं, साखरपुडा असं काही निघालं की यंत्र, रंगीत टीव्ही आणि दोन-तीन कॅसेट असं सगळं एकत्र भाड्याने नेत. माझं काम म्हणजे परत आलेली कॅसेट मागे गुंडाळायची, यंत्राचं डोकं, म्हणजे पट्टी वाचणारं हेड, स्पिरिटच्या फडक्याने पुसायचं, खाऱ्या दमट हवेने पट्टीवर धरलेली बुरशी काढायची. आणि नवी कॅसेट आली की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची. मध्येच चित्र उडत नाही ना, आवाज जात नाही ना, कोणी सुरुवातीला एक पिक्चर आणि पुढे दुसराच भरून ठेवलेला नाही ना, हे बघायला. मागच्या खोलीत आवाज बारीक करून मी एवढे पिक्चर बघितले की आई म्हणायची, "हिला पगार देऊन थेटरात बसवलीय."

मालक इनासकाका आखातातून आले तेव्हा दोन यंत्रं आणि बॅगभर कॅसेट घेऊन आले होते. त्यांना स्वतःला पिक्चर बघायचा अतिशय कंटाळा. कोणीही विचारलं, कसा आहे, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "फॅमिली पिक्चर. घरच्यांना घेऊन बघा." मध्यंतरापर्यंत ज्यात अर्धी फॅमिली मारली जाते त्या पिक्चरलाही तेच. मला त्यांनी पहिल्या दिवशी एकच नियम घालून दिला होता. गिऱ्हाईकाला गोष्ट सांगायची नाही आणि कुठल्या कॅसेटला वाईट म्हणायचं नाही.

"गोष्ट सांगितली की तो फुकट बघून गेला," ते म्हणत. "आणि वाईट म्हटलं की ती कॅसेट मेली."

हा नियम मला फार सोयीचा होता. मला फक्त एक प्रश्न विचारावा लागे: "बघणार कोण कोण?" त्या उत्तरावरून मी कॅसेट काढायचे. पिक्चर चांगला की वाईट हे एकट्या पिक्चरवर ठरत नाही, समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. एवढं एक मी त्या दुकानात शिकले, बाकी सगळं कुठेही शिकता आलं असतं.

पाचूबंदरच्या हिराबाई होड्या किनाऱ्याला लागल्या की यायच्या. मासळीची टोपली बाहेर ठेवून दारातूनच ओरडायच्या, "फायटिंगचा दे. आनि पिच्चरमंदी पानी नको. पानी आमी रोज बगतो." एकदा मी विसरून बोटीचा पिक्चर दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "त्या हिरोला कोनी वल्हं धरायला शिकवलं? आमचं म्हातारं हसून हसून खोकाया लागलं." तरीही पुढच्या वेळी त्यांनी तोच परत मागितला, म्हाताऱ्यासाठी.

निवृत्त झालेले एक हेडमास्तर होते. त्यांना फक्त शेवट हवा असे. "शेवटी सगळे जिवंत आहेत ना? आमच्या मिसेसना ब्लडप्रेशर आहे." गोष्ट सांगायची नाही, म्हणून मी नुसती बघत राहायचे. ते माझ्याकडे दोन क्षण निरखून बघायचे, मान हलवायचे, आणि कॅसेट न्यायचे किंवा ठेवून जायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस असा विचारात पडतो.

आणि कामणचे दत्ताराम. जवळच्या किल्ल्यात कधीतरी शूटिंग झालं होतं, तेव्हा ते गर्दीत उभे होते. डोक्यावर टोपली घेऊन पडद्याच्या या कडेने त्या कडेला जायचं, एवढंच काम. घरी कोणी पाहुणा आला की ते एवढ्या लांबून येऊन तीच कॅसेट नेत. आपण दिसलो की यंत्र थांबवायचे, मागे न्यायचे, परत लावायचे. पट्टी एकाच जागी अशी घासली की काय होतं, ते मला दिसत होतं आणि सांगवत नव्हतं. शेवटी नेमक्या त्यांच्या तोंडावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. ते म्हणाले, "आता पाहुण्यांना सांगावं लागतं, रेघांच्या मागे आहे तो मी."

तर अशी ही माणसं. यातली कितीजण माझा चेहरा वाचून कॅसेट नेत होती, हे मालूकाकींचं बोलणं ऐकल्यावर मी एकेक करून आठवू लागले. हेडमास्तर तर नक्कीच.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. कोणी आत आलं की मी उठून फळीवरच्या कॅसेट सारख्या करायला लागायचे, म्हणजे पाठ गिऱ्हाईकाकडे राहावी. कॅसेट देताना हात मागे घ्यायचे, बोट चुकून वाजू नये म्हणून. घरी आरशासमोर उभी राहून एखादा रडका प्रसंग आठवायचे आणि भुवई हलते का बघायचे. आईने एकदा मागून विचारलं, "काय गं, कोण बघायला येणार आहे का?" रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, आपण आत दार लावून बसलोय आणि खिडकी मात्र सताड उघडी आहे, आणि ही लोकं रोज येता-जाता आत डोकावतायत. राग येत होता. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली थोडं बरंही वाटत होतं, की आपल्या मतावर कोणीतरी विसंबतं. ते बरं वाटणं मला जास्त अस्वस्थ करायचं.

हळूहळू मला जमलं. चेहरा पाटीसारखा कोरा. बघणार कोण, हा प्रश्नही मी विचारायचा सोडला, कारण तो विचारला की लोक हमखास वर बघत. एकदा हेडमास्तर कॅसेट परत करताना म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, म्हणून मी समजलो काही होत नसेल. मिसेस संध्याकाळभर रडत होत्या." ते रागावले नव्हते, नुसते गोंधळले होते. इनासकाका मात्र खूश होते. आता सगळ्या कॅसेट सारख्या जायला लागल्या होत्या, चांगल्या आणि टाकाऊ.

अशातच तो पिक्चर आला. त्याचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात त्याचं नाव पुढे जे खराब झालं, आणि ज्याबद्दल इनासकाका मला अजून ऐकवतात, ते पुन्हा कशाला उगाळा. मी तो मागच्या खोलीत सबंध बघितला. डोंगरातल्या गावातलं एक पोस्टमनचं घर. नवरा, बायको, एक बोबडी चार-पाच वर्षांची मुलगी. पहिला भाग सगळा हसण्याचा. मग जत्रेचं गाणं, आणि ते गाणं संपताना मुलगी नदीत जाते. पुढचा सगळा पिक्चर म्हणजे ती दोघं घरात एकमेकांशी पुन्हा बोलायला कशी लागतात ते. मारामारी नाही, मोठे संवाद नाहीत. संपल्यावर पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या तरी मी कॅसेट मागे गुंडाळायला हात पुढे केला नाही. त्या दुकानात मी जेवढे पिक्चर बघितले त्यात मला सगळ्यात आवडलेला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालूकाकी आल्या. त्यांच्या मुलाचा साखरपुडा होता, दुपारी जेवणं झाली की पाहुण्यांसाठी ओट्यावर पिक्चर लावायचा होता. यंत्र आणि टीव्ही इनासकाकांनी आधीच रिक्षातून पाठवून दिले होते.

"मन रमेल असा दे गं. नुसता धांगडधिंगा नको."

त्यांनी फळीवरून स्वतःच तीन कॅसेट काढल्या आणि एकेक करून माझ्यासमोर धरल्या, पत्त्यांचा डाव टाकावा तशा. मी त्यांच्या खांद्यावरून बाहेरच्या केळेवाल्याकडे बघत राहिले. नवा पिक्चर तिसरा होता. त्यांनी तो जरा जास्त वेळ धरला. माझी भुवई जागची हलली नाही. मला आठवतं, मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकी दिली.

"आज हिचं दुकान बंद आहे," मालूकाकी इनासकाकांना म्हणाल्या. "तुम्हीच सांगा हो, हा कसाय?"

"कालच आलाय. एकदम फॅमिली पिक्चर. कव्हरवर बघा, नवराबायको, मुलगी. घरच्यांना घेऊन बघा."

"मुलगी आहे? बरं झालं," मालूकाकी म्हणाल्या आणि कॅसेट पिशवीत टाकून गेल्या.

'बरं झालं' का, हे मला तेव्हा कळलं नाही. मी फडकं घेऊन यंत्र पुसायला बसले. पुसलेलंच यंत्र पुन्हा पुसलं.

दुपारी दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा मालूकाकींची ती शेजारीण कॅसेट परत द्यायला आली. नव्या साडीत, घाईत. साखरपुड्याचं जेवण हुकलेलं, निदान उरलेला पिक्चर तरी मिळावा म्हणून निघालेली.

"आज शैला येणार आहे म्हणे," ती काउंटरवर कॅसेट ठेवत म्हणाली. "मालूकाकी स्वतः गेली होती तिच्याकडे. म्हणाली, जेवू नकोस, कोणाशी बोलू नकोस, पण पिक्चर आहे, तेवढा बघायला ये. शैलाला पहिल्यापासून पिक्चरचं वेड ना. मग तयार झाली."

शैला म्हणजे मालूकाकींच्या थोरल्या दिरांची सून. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगते, आमच्याकडे वाडीत पाण्यासाठी बावखल असतं. विहिरीसारखं बांधलेलं नाही, तळ्यासारखं उघडं, काठ उतरता, वर हिरवं शेवाळ. लहान मुलाला ते अंगणासारखंच वाटतं. शैलाची मुलगी दीड वर्षापूर्वी त्यांच्याच बावखलात गेली. तेव्हापासून शैला कोणाच्या लग्नाला, पूजेला, कुठेच गेलेली नव्हती. घरातली माणसंही तिला बोलतं करायचं सोडून बसली होती. हे आसपासच्या सगळ्या गावांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त ती कधी बाहेर येईल हे कोणी धरून चालत नव्हतं. मालूकाकींचं 'बरं झालं' कशासाठी होतं ते मला आता कळलं: पडद्यावर खेळतं मूल दिसलं की शैला रमेल.

तो पिक्चर बघितलेलं माणूस त्या सगळ्या भागात एकच होतं, आणि तिने सकाळी भुवई हलू दिली नव्हती.

मी फळीवरून हाताला आलेली एक विनोदी कॅसेट उचलली.

"कुठे चाललीस?" इनासकाकांनी विचारलं.

"मालूकाकींकडे. बदलून द्यायला."

"का, चित्र उडतंय?"

"नाही."

"मग? गिऱ्हाईकाने नेलेली कॅसेट परत आणायला कोणी जातं का? आणि सांगणार काय तू त्यांना?"

सायकल बाहेर काढताना कॅसेट टोपलीतून दोनदा पडली.

वाटेत मी वाक्यं जुळवत होते. "काकी, यात एक मूल" इथपर्यंत यायचं आणि पुढे जायचं नाही. हे वाक्य शैलासमोर म्हणणं म्हणजे पिक्चरने जे करायचं ते आपणच करणं. कानात सांगायचं ठरवलं. मालूकाकींना बाजूला घ्यायचं, कानात सांगायचं, निघायचं. कोणाकडे बघायचं नाही. केळीच्या वाड्यांमधून सायकल नेताना बांधावरून चाक घसरत होतं. मालूकाकींच्या घराअलीकडे ते बावखल लागलं. त्याला आता चारी बाजूंनी बांबूचं कुंपण होतं, आणि कुंपणावर कोणीतरी तोंडल्याचा वेल चढवला होता.

लांबूनच जत्रेच्या गाण्याचा ढोल ऐकू आला.

मांडव खच्चून भरला होता. पुरुष खुर्च्यांवर, बायका आणि मुलं चटयांवर, ओट्यावर टीव्ही, आणि ऊन लागू नये म्हणून तिन्ही बाजूंना चादरी बांधलेल्या. आत आल्यावर मला आधी काही दिसेना. मग शैला दिसली. पुढच्याच रांगेत, खांबाला टेकून. केसांत गजरा होता. पडद्यावर ती बोबडी मुलगी बापाच्या खांद्यावर बसून त्याची पोस्टमनची टोपी आपल्या डोक्यावर घालत होती, आणि शैला हसत होती. आवाज न करता, पण हसत होती. तिच्या आजूबाजूच्या बायका पिक्चर बघतच नव्हत्या, तिच्याकडे बघत होत्या.

मी वाकून मालूकाकींपाशी गेले.

"अगंबाई, मीना? ये ये. जेवलीस का?"

"काकी, जरा बाहेर या."

"आता? गाणं चाललंय. बस इथे."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. ढोल एवढा मोठा होता की मलाच माझा आवाज आला नाही.

"काय? मोठ्याने बोल बाय. इंग्लिशमध्ये बोल हवं तर, आमचा जावई समजून घेईल."

आजूबाजूला हशा पिकला. मी सरळ मालूकाकींकडे बघितलं. भुवया, ओठ, जे काय असेल ते सगळं मोकळं सोडून दिलं, की वाचा, आता तरी वाचा. पण चादरींमुळे अंधार होता आणि टीव्हीचा उजेड माझ्या पाठीवर. त्यांना माझा चेहरा दिसतच नव्हता.

"ए, समोरून सरक," मागून कोणीतरी म्हणालं.

"कोण आहे ती?"

"कॅसेटवाली. पैसे मागायला आली असेल."

मी सरकले नाही. माझ्यामागे गाण्याचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं. ते कुठे संपतं ते मला पाठ होतं. यंत्राचं बटण ओट्यावर होतं आणि ओटा आणि मी यांच्यामध्ये चटईभर मुलं बसली होती. हेडमास्तर खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत होते. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात शैलाने मान वर केली. दीड वर्षात तिचा आवाज गावाने ऐकला नव्हता, म्हणून की काय, ती बोलली तसं सगळे गप्प झाले.

"तू बघितलायस ना गं हा?" तिने मला विचारलं. "छान आहे ना?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर तोंड उघडलं, आणि शाळेत हात वर करतात तसा माझा कॅसेट धरलेला हात आपोआप वर गेला.

"नाही," मी मोठ्याने म्हणाले. "मला अजिबात आवडला नाही. अगदी टाकाऊ पिक्चर आहे. बंद करा तो, मी दुसरा आणलाय."